एका दाताचा इतिहास : बुलेट, गिअर आणि रस्ता



तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक मोटरसायकलच्या गिअरवर काय बोलणार, अशी शंका काहींच्या चेहऱ्यावर आहे, ती रास्तच आहे. पण ज्या प्रश्नावर आज बोलायचं आहे तो गॅरेजमध्ये रोज विचारला जातो. वडिलांची किंवा आजोबांची जुनी बुलेट घरात असते. तरुण मुलगा ती बाहेर काढतो, इंजिन उघडतो, 350 सीसीच्या जागी 500 चं सिलिंडर, पिस्टन आणि हेड बसवून घेतो. मग मिस्त्रीला विचारतो, ‘आता पुढचं स्प्रॉकेट किती दातांचं टाकू?’ साधा प्रश्न आहे. पण या एका दातामागे शंभर वर्षांहून जास्त इतिहास आहे, आणि तो जितका इंजिनांचा आहे त्याहून जास्त रस्त्यांचा आहे. आज आम्हाला मांडायचं आहे ते एवढंच.

सुरुवात आपल्याच तालुक्यातून करू. वसईच्या बागायती पट्ट्यात विहिरींवर रहाट चालत. जुन्या मंडळींना आठवत असतील. बैल किंवा रेडा गोल फिरायचा, त्याच्या फिरण्याने लाकडी दातांचं आडवं चाक फिरायचं, ते दात उभ्या चाकात अडकायचे आणि गाडग्यांची माळ पाणी घेऊन वर यायची. म्हणजे दातेरी चाक आपल्याला काही परकं नाही. रहाट काय करतो? जनावराची ताकद वाढवत नाही. ती ताकद कामाला जुळेल अशी करून देतो, एवढंच. विहीर खोल असली की माळ लांब होते, गाडगी वाढतात, ओझं वाढतं, आणि मग सगळी बांधणीच त्या हिशेबाने करावी लागते. गिअर म्हणजे हेच. इंजिनाला ठरावीक फेऱ्यांतच नीट काम करता येतं, रस्ता मात्र कधी चढ असतो, कधी सपाट. त्या दोघांत तडजोड घडवून आणणारा मध्यस्थ म्हणजे गिअर. आणि चांगल्या मध्यस्थाने दोन्ही बाजू ऐकायच्या असतात.

आता मोटरसायकलकडे येऊ. सुरुवातीच्या मोटरसायकलींना बहुधा एकच गिअर असायचा. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत चामड्याचा पट्टा, बस्स. चढ आला की स्वार पायडल मारायचा किंवा उतरून ढकलायचा. 1907 मध्ये आयल ऑफ मॅन या बेटावर टीटी शर्यत सुरू झाली, तेव्हाचा मार्ग त्यातल्या त्यात सौम्य होता. 1911 साली आयोजकांनी शर्यत स्नेफेल डोंगरावरून जाणाऱ्या मार्गावर नेली, आणि एका गिअरच्या गाड्यांची पंचाईत झाली. त्या वर्षीच्या सीनियर शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक ‘इंडियन’ नावाच्या अमेरिकी गाड्यांनी पटकावले. त्या गाड्यांना दोन गिअर होते आणि पट्ट्याऐवजी चेन होती. पाहा, इंजिन तेच असताना केवळ रस्ता बदलला, आणि त्या एका बदलाने सगळ्या उद्योगाला गिअरबॉक्सचा विचार करणं भाग पाडलं.

इंग्लंडमधल्या रेडिच गावची रॉयल एनफील्ड ही त्याच काळातली कंपनी. तिची पहिली मोटरसायकल 1901 ची. 1912 च्या सुमारास या कंपनीने मागच्या चाकाच्या हबमध्ये रबराचे तुकडे बसवले. चेनचा झटका त्या रबरात जिरायचा. आजही आपल्या गाडीच्या मागच्या ड्रममध्ये ते रबर असतात आणि त्यांची आठवण ते झिजून गाडी झटके देऊ लागल्यावरच होते. ‘बुलेट’ हे नाव 1932 साली आलं. मागे स्विंगआर्म असलेली, आपल्या ओळखीची 350 बुलेट 1949 च्या सुमारास बाजारात आली. तिचा चार गिअरचा डबा बर्मिंगहॅमच्या अल्बियन कंपनीच्या घडणीचा. गिअर उजव्या पायाला, पहिला वर, बाकीचे तीन खाली. शिवाय टाचेने न्यूट्रल शोधण्याचा वेगळा खटका. ज्यांनी ही गाडी चालवली आहे त्यांना दोन गिअरांच्या मध्ये गाडी मोकळी सुटते तो क्षणही ठाऊक असेल.

ही गाडी भारतात आली ती सैन्यामुळे. 1950 च्या दशकाच्या आरंभी सीमेवरच्या गस्तीसाठी मद्रास मोटर्समार्फत बुलेट मागवल्या गेल्या. 1955 मध्ये एनफील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली, मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना झाला, आणि हळूहळू सगळी गाडी इथेच बनू लागली. 1970 पर्यंत इंग्लंडमधली मूळ कंपनी संपली. इथली गाडी मात्र जवळजवळ त्याच साच्यात पुढे तीन दशकं बनत राहिली. म्हणून आज ज्याला आपण ‘विंटेज’ म्हणतो ते यंत्र आपल्याकडे कालपरवापर्यंत दुधाचे कॅन वाहत होतं.

आता जरा आकडे पाहू. घाबरू नका, शाळेतल्या त्रैराशिकापलीकडे काही नाही.

जुन्या देशी 350 बुलेटमध्ये इंजिनाच्या टोकाला 25 दातांचं स्प्रॉकेट, क्लचवर 56 दातांचं. त्या चेनला प्रायमरी चेन म्हणतात. पुढे गिअरबॉक्सवर 16 दात आणि मागच्या चाकावर 38. भागाकार-गुणाकार केला तर चौथ्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या सुमारे 5.32 फेऱ्या होतात. 19 इंची चाक टायरसकट एका फेरीत जवळजवळ 2 मीटर जातं. म्हणजे इंजिन मिनिटाला 4,000 फेऱ्या करत असेल तर गाडी ताशी 90 किलोमीटरवर असते. पुढचं स्प्रॉकेट 17 दातांचं केलं तर त्याच फेऱ्यांत 96, 18 केलं तर 101, आणि 19 केलं तर 107.

हे ऐकून मोह होतो. एवढ्या स्वस्तात ताशी 10-15 किलोमीटर! पण थांबा. हे कागदावरचं झालं. हवेचा विरोध गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या विरोधातून जायला लागणारी ताकद गतीच्या घनाच्या प्रमाणात. गती 10 टक्क्यांनी वाढवायची तर ताकद सुमारे 33 टक्क्यांनी वाढायला हवी. दात वाढवून ताकद येत नाही. मूळच्या 350 बुलेटची ताकद 18 अश्वशक्ती, तीही 5,625 फेऱ्यांवर. पण सपाटीवर ही गाडी साधारण 110 च्या आसपास दम सोडते, आणि तेव्हा इंजिन 4,900 फेऱ्यांच्या घरात असतं. म्हणजे पूर्ण ताकद जिथे मिळते तिथवर ते चौथ्या गिअरमध्ये पोचतच नाही. कारखान्याने आधीच गिअर थोडा लांब ठेवला आहे. अशा गाडीला आणखी दोन दात दिले तर तिची सर्वोच्च गती वाढत नाही, उलट घटते. समोरून वारा आला की चौथा टाकून तिसऱ्यावर यावं लागतं. ‘गाडी ओढत नाही’ म्हणतात ते हेच.

मग कारखान्याने 500 सीसीच्या बुलेटला काय केलं? तिची ताकद 22 अश्वशक्ती. 18 चे 22 झाले, म्हणजे सुमारे 22 टक्क्यांची वाढ. तिचं घनमूळ काढलं तर गतीत वाढ येते 7 टक्क्यांच्या आत-बाहेर. आणि कारखान्याने त्या गाडीला पुढे दात दिले 17. सोळाचे सतरा म्हणजे सव्वासहा टक्के. पाहिलंत? चार अश्वशक्तीचं मोल एक दात! आम्हाला हे गणित फार आवडतं, कारण त्यात माणसाची नम्रता आहे. इंजिनाचं घनफळ 346 वरून 499, म्हणजे 44 टक्क्यांनी मोठं झालं, ताकद 22 टक्क्यांनी वाढली, आणि रस्त्यावर हाती आली ती एका दाताएवढी गती. बाकीची वाढ गेली कुठे? ती चढावर, ओझं घेऊन निघताना, मागे माणूस बसलेला असताना कामी येते. मोठ्या इंजिनाचं खरं देणं तेच आहे.

तरीही लोक दात का वाढवतात? केवळ हौस म्हणून नाही, आणि इथे पुन्हा रस्ता येतो. चांदीपहून शिरसाडकडे निघालं की महामार्ग लागतो. पूर्वी त्याला 8 नंबरचा म्हणत, आता तो 48 आहे. ही गाडी घडली तेव्हाचे रस्ते ताशी 60 चे होते. मध्येच बैलगाडी, मध्येच साकव, पुढे घाट. आज त्याच गाडीला ट्रक-टेम्पोच्या रांगेत 80-90 ने सतत धावावं लागतं. इंजिनाचा स्ट्रोक 90 मिलिमीटर लांब. एवढा लांब पल्ला पिस्टन तासन्‌तास वेगाने कापत राहिला तर ते तापतं, थरथरतं, नटबोल्ट ढिले होतात. 16 दातांवर 100 किलोमीटरला इंजिनाच्या सुमारे 2,66,000 फेऱ्या होतात, 18 दातांवर 2,36,000. तीस हजार फेऱ्यांची विश्रांती! म्हणून महामार्गावर एकाच वेगाने जाणाऱ्याने, इंजिनात ताकद असेल तर, दात वाढवणं शहाणपणाचंच आहे. अट एकच : फेऱ्या कमी करण्यासाठी वाढवा, गती वाढवण्यासाठी नको.

पण दात वाढवले की ते चारही गिअरांना लागू होतात, पहिल्यालासुद्धा. 16 चे 19 केले तर पहिला गिअर जवळजवळ 19 टक्क्यांनी लांब होतो. कसाऱ्याच्या घाटात दोघं बसून, सामान लादून, ट्रकच्या मागे थांबून पुन्हा निघायचं असेल तर अर्धा क्लच धरून गाडी उचलावी लागते, आणि क्लचप्लेट जळतात. घाटातून रोज ये-जा करणाऱ्याने आणि महामार्गावरून अहमदाबादला जाणाऱ्याने एकच स्प्रॉकेट टाकावं, असं कुठलंही शास्त्र सांगत नाही.

आता ज्याने खरोखरच इंजिन वाढवलं आहे त्याच्याकडे वळू. वाढलेली ताकद जाते कुठून? प्रायमरी चेन, क्लच, गिअरबॉक्स, मागची चेन, हबमधले रबर, टायर. ही साखळी आहे, आणि साखळीची मजबुती तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच. अल्बियनच्या डब्यात चौथा गिअर थेट असतो. क्लचकडून येणारा जोर दात बदलत न बसता सरळ स्प्रॉकेटवर जातो. खालच्या गिअरांत मात्र तो लेशाफ्टवरून फिरून येतो, आणि पहिल्यात सुमारे पावणेतीन पट होऊन. म्हणून मोठ्या इंजिनाच्या जुन्या गाडीचा डबा महामार्गावर सहसा फुटत नाही. तो फुटतो सिग्नलवरून झटक्यात निघताना, किंवा गिअर पुरता न बसताच ॲक्सिलरेटर पिळल्यावर.

इथे एक गोष्ट अशी आहे जी पुष्कळदा लक्षात घेतली जात नाही. गिअर लांब करायच्या जागा दोन : एक गिअरबॉक्सच्या आधी, एक नंतर. नंतरचं स्प्रॉकेट, म्हणजे 16 चं 18, बदललं तर डब्याच्या आत येणारा जोर तेवढाच राहतो. पण आधीची जोडी बदलली, इंजिनाकडचं स्प्रॉकेट मोठं केलं, तर डबा जास्त वेगाने फिरतो, आणि तीच ताकद जास्त वेगाने गेली की पिळण्याचा जोर कमी होतो. क्लचलाही दिलासा, डब्यालाही. वाढीव इंजिनासाठी रीतीचा मार्ग हा. मग सगळे तो का धरत नाहीत? कारण बुलेटचा गिअरबॉक्स इंजिनाला मागून पक्का बोल्ट केलेला असतो, दोन स्प्रॉकेटमधलं अंतर हलत नाही. त्यामुळे चेनच्या लांबीत बसेल अशीच दातांची जोडी शोधावी लागते, आणि ती शोधणं खर्चाचं काम. मागच्या चाकाचं 38 दातांचं स्प्रॉकेट तर जुन्या गाडीत ब्रेकच्या ड्रमसकट एकसंध ओतलेलं. ते बदलायचं म्हणजे ड्रमच बदलायचा. राहिलं पुढचं छोटं स्प्रॉकेट. तेही क्लचच्या मागे दडलेलं, क्लच उतरवल्याशिवाय निघत नाही. तरी त्यातल्या त्यात सोपं म्हणून सगळे तिथेच हात घालतात. सोपी जागा आणि योग्य जागा एकच असतात असं नाही. हे फक्त यंत्रांबाबत खरं आहे असंही नाही.

आणखी एक मुद्दा, गिअर किती हवेत याचा. 1983 मध्ये एस्कॉर्ट्सने राजदूत 350 आणली. ती मुळात यामाहाची आरडी 350. बुलेट 346 सीसीची, ही 347 ची. म्हणजे घनफळ जवळजवळ सारखं. पण बुलेटची ताकद 18 आणि गिअर चार, राजदूतची सुरुवातीला तिसाच्या पुढे आणि गिअर सहा. का? कारण त्या टू-स्ट्रोक इंजिनाची ताकद अरुंद पट्ट्यातच मिळते. त्या पट्ट्यातून बाहेर पडू नये म्हणून पायऱ्या जवळजवळ लागतात. बुलेटचं इंजिन खालपासून ओढतं, त्याला चार पायऱ्या पुरतात. पण त्याच बुलेटला कोणी तीव्र कॅम बसवला, ताकद वरच्या फेऱ्यांत नेली, तर तिचा स्वभाव राजदूतकडे झुकतो आणि चार पायऱ्या अपुऱ्या पडतात. मग पाच गिअरचा डबा हवा. कंपनीनेही 2000 नंतर पाच गिअर दिलेच. तेव्हा ‘किती दात’ हा प्रश्न विचारण्याआधी ‘इंजिन ओढतं कुठून कुठपर्यंत’ हा विचारायला हवा.

उलटं उदाहरणही आपल्याकडे आहे. मुंबईच्या ग्रीव्ह्ज कंपनीचं 325 सीसीचं लोम्बार्डिनी डिझेल इंजिन बसवलेली बुलेट एकेकाळी शेतकऱ्यांत लोकप्रिय होती. ताकद साडेसहा अश्वशक्ती, गती ताशी 65 च्या आसपास, पण एका लिटरला सत्तरच्या पुढे किलोमीटर. पुढे प्रदूषणाच्या नियमांपुढे ती टिकली नाही. पण लक्षात घ्या, बुलेटचाच सांगाडा साडेसहा अश्वशक्तीलाही चालला आणि बाविसालाही. त्या डिझेल गाडीच्या मालकाला कोणी कमनशिबी म्हटलं नाही, कारण त्याचं इंजिन, त्याचा रस्ता आणि त्याची गरज यांचा मेळ बसला होता.

आता जरा गंभीर बोलू. गाडी 60 ऐवजी 100 ने धावू लागली की तिच्यात साठलेली ऊर्जा पावणेतीन पट होते. थांबवताना ती सगळी ब्रेकने उष्णतेत बदलायची असते. जुन्या बुलेटचे ब्रेक ड्रमचे, ते त्या साठच्या रस्त्यासाठी बेतलेले. इंजिन वाढवलं, दात वाढवले आणि ब्रेक तसेच ठेवले, तर हिशेब अर्धाच मांडला. उरलेला अर्धा महामार्गावर कुणीतरी चुकता करतं, आणि पुष्कळदा ते त्या स्वाराचे आईवडील असतात. कायद्याचंही तसंच. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही मूळ निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई असल्याचं स्पष्ट केलं. इंजिनाची क्षमता आर.सी. बुकात लिहिलेली असते, स्प्रॉकेटचे दात नसतात. दात बदलणारा आणि 350 चं 500 करणारा, दोघं एकाच रांगेत बसत नाहीत. दुसऱ्याने आधी आरटीओत चौकशी करावी, मग गॅरेजची पायरी चढावी.

शेवटी थोडं आमच्या विषयाचं. आपल्या शेजारी नालासोपाऱ्याला प्राचीन शूर्पारक बंदर होतं. तिथल्या स्तूपाचं उत्खनन 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी केलं आणि सोपाऱ्याहून अशोकाच्या लेखाचा तुकडाही त्यांच्या हाती लागला. ज्या बौद्ध परंपरेचा तो वारसा, तिच्यातला ‘मिलिंदपञ्ह’ हा पाली ग्रंथ. त्यात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो : तू रथातून आलास ना, मग रथ कुठे आहे? आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला ‘नाही’ म्हणतो. रथ म्हणून वेगळी अशी वस्तू सापडत नाही. हे सगळे भाग एकमेकांच्या आधाराने जुळतात तेव्हा आपण त्यांना ‘रथ’ हे नाव देतो.

जुन्या मोटरसायकलबद्दल वाद घालणारे दोन पक्ष नेहमी दिसतात. एक म्हणतो, एक नटही बदलला तर ती अस्सल राहत नाही. दुसरा म्हणतो, टाकीवर नाव आहे ना, मग आत काहीही घाला. नागसेनाचं ऐकलं तर दोघांचंही नेमकं काय सुटतं ते कळतं. गाडीचं गाडीपण एखाद्या भागात नसतं, भागांच्या जुळणीत असतं. मूळ कारखान्यातल्या माणसाने चार अश्वशक्तीला एक दात दिला, तेव्हा त्याने फक्त लोखंड बदललं नाही, जुळणी सांभाळली. त्याची आठवण जपायची तर त्याचे दात जपायला हवेत असं नाही. त्याचा हिशेब जपायला हवा.

तेव्हा ज्याच्या घरी अशी गाडी आहे त्याने हिशेब असा मांडावा. आधी रस्ता : रोज कुठे जायचं, किती ओझ्याने. मग ब्रेक आणि टायर. मग क्लच आणि डबा. मग इंजिन. सगळ्यात शेवटी दात, आणि तोही एकेक. एक दात वाढवा, महिनाभर चालवा. सपाटीवर, वारा नसताना, गाडी चौथ्यात तक्रार न करता ओढते का, चढावर तिसऱ्यात रेंगाळते का, ते ऐका. ओढत असेल तर पुढचा. नसेल तर तिथेच थांबा, किंवा एक मागे या.

वेळ झाली आहे. बाहेर दोन-तीन बुलेट उभ्या दिसतात, त्यांच्या मालकांचे प्रश्न आधी घेऊ.